गोळीतली शांती

९ मार्च

परवा सकाळी मी प्रार्थनेला बसलो आणि उठायचंच विसरलो.

हे लिहून ठेवण्यासारखं आहे, म्हणून उरलेल्या कागदांची बांधून ठेवलेली ही वही काढली. कितीतरी वर्षं मी रोज सकाळी कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसतो, आणि इतकी वर्षं माझी एकच गत आहे. देवाचं नाव घ्यायला सुरुवात करायची आणि लगेच आठवायचं, काल खळ जरा पातळ झाली होती का? मी पुस्तकं बांधतो. खळ, दोरा, पुठ्ठा आणि दाभण यांत माझा दिवस जातो, आणि देवापुढे बसलो की ही सगळी मंडळी माझ्यामागून येऊन बसतात. गावच्या शाळेतले मास्तर म्हणायचे, तुझं मन म्हणजे दावं तोडलेलं वासरू. पन्नाशी आली तरी ते दावं काही सापडलं नव्हतं.

परवा मात्र बसलो तो बसलोच. खळ आठवली नाही, दोरा आठवला नाही. रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा कापसातून गाळून आल्यासारखे लांबून येत होते. सगळं जिथल्या तिथे आणि बरं वाटत होतं. शेवटी ही येऊन म्हणाली, "अहो, देव केव्हाचा कामाला लागला असेल. आता तुम्हीही उठा."

उठा म्हणजे काय, तिनंच हात धरून उठवायचं. गेल्या महिन्यात दुकानात वरच्या फळीवरचा पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढायला मी स्टुलावर चढलो आणि गठ्ठ्यासकट खाली आलो. नडगीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली. आता घरी बसून असतो, पाय दुकानातून आणलेल्या त्याच स्टुलावर ठेवून. दुसरं स्टूल घरात आहे, पण ही म्हणते, "त्याला पण कळू दे काय केलंय ते."

दुखण्यासाठी जोरदार गोळ्या दिल्यात, दिवसातून तीन वेळा घ्यायच्या. अफूच्या जातीच्या आहेत, जपून घ्या, असं सिस्टर म्हणाल्या. पूर्वी मी उठल्या उठल्या प्रार्थना करायचो. आता आधी खाणं, मग गोळी, आणि मग प्रार्थना असा क्रम झालाय. मला वाटतं, पायाबरोबर माझा अहंकारही थोडा मोडला असावा, म्हणून देवानं दार किलकिलं केलं.

१२ मार्च

खालच्या मजल्यावरचा शिंपी भेटायला आला होता. हा माणूस कायम धावपळीत. तोंडात टाचण्या धरूनच जन्माला आला असेल. एका नवरदेवाचा कोट आठवड्याभरात द्यायचा आहे, कापड उशिरा आलं, कारागीर रजेवर गेला, असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं.

मी त्याच्याकडे पाहून हसलो. "घाई कसली? जे व्हायचं ते वेळेवर होतंच," असं म्हणालो. माझ्या तोंडून आलं म्हणण्यापेक्षा माझ्यातून आलं म्हणायला हवं.

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच आलंय हो," म्हणाला आणि शांतपणे जिना उतरून गेला. एरवी हा माणूस जिना उतरत नाही, जिन्यावरून सांडतो.

तो गेल्यावर ही म्हणाली, "तुम्ही दुसऱ्यांना घाई करू नका म्हणून सांगता? गेल्या वर्षी दोरा संपला म्हणून दुकानात थयथयाट कोणी केला होता?"

मी तिच्याकडेही पाहून हसलो. तिला ते आवडलं नाही.

१५ मार्च

आज सिस्टर मलमपट्टी करायला आल्या. या बाई जिन्यातूनच "बाइंडर, मेलात की आहात?" असं ओरडत येतात. जखम पाहिली. खालच्या टोकाला अजून थोडी ओल आहे म्हणाल्या. सर्दी कशी आहे विचारलं. आहे तशीच आहे, गेले दोन आठवडे नाक काही सुकत नाही. पोटाचं विचारलं. पोट संपावर गेलंय, हे मी जरा आवाज खाली आणून सांगितलं, तर त्यांनी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यावर उपाय सांगितला.

मग म्हणाल्या, "आता गोळ्या कमी करायला हव्यात. दुखतंय का अजून?"

खरं म्हणजे दुखत नव्हतं. जरा जड वाटतं, एवढंच. पण "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि सकाळची ती खुर्ची डोळ्यांसमोर आली.

"दुखतं," मी म्हणालो. "रात्री जास्त."

हे मी लिहून ठेवतोय, कारण आयुष्यात मी फारसं खोटं बोललेलो नाही. पण थोडा विचार केला तर हे तसं खोटंही नाही. गोळी नसती तर दुखलं असतं, असं धरून चालायला हरकत नाही. शिवाय मी काही झोपेसाठी किंवा मजेसाठी गोळी मागत नाही. पाय हलका असला की मन देवाकडे जातं. चष्मा लावून ग्रंथ वाचला तर त्यात पाप कसलं?

हा चष्म्याचा दाखला मला फार पटला. दिवसभर मनातल्या मनात घोळवत होतो.

१८ मार्च

बसून कंटाळा येतो म्हणून दुकानातलं थोडं काम घरी मागवलंय. एका शाळेच्या भूगोलाच्या जुन्या पुस्तकांची शिलाई सुटली आहे. मांडीवर फळी घ्यायची, त्यावर फॉर्म म्हणजे घडी घातलेली पानं ओळीनं लावायची, दाभणानं भोकं पाडायची आणि शिवायची. हे काम मी झोपेतही करू शकतो.

आज दाभण अंगठ्यात गेलं. चांगलं आतपर्यंत. मी ते बाहेर काढलं, रक्त पुसलं आणि थक्क होऊन बसलो, कारण काहीच दुखलं नाही. दुसऱ्या कोणाच्या अंगठ्याकडे पाहावं तसा मी त्याच्याकडे पाहत होतो. देह वेगळा आणि आपण वेगळे, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. आज डोळ्यांनी पाहिलं. हिला हाक मारून सांगितलं तर म्हणाली, "आधी तो वेगळा देह साबणानं धुवा." कामात होतो, तेवढ्यापुरतं पाण्याखाली धरला.

पुस्तक बांधून झाल्यावर तिनं उघडून पाहिलं. एक अख्खा फॉर्म मी उलटा शिवला होता. डोंगरातून निघालेली नदी पान उलटल्यावर डोक्यावर उभी राहून परत डोंगरात जात होती. दुकान काढल्यापासून माझ्या हातून असं झालं नव्हतं. पूर्वी असं झालं असतं तर मी दोन दिवस जेवलो नसतो. आज म्हटलं, नदीलाही कधी माहेरी जावंसं वाटत असेल.

हिनं पुस्तक मिटलं आणि काही न बोलता उसवायला घेतलं.

२१ मार्च

आजचा दिवस चांगला गेला नाही. तसा मला चांगलाच वाटला, आणि तीच अडचण आहे.

सकाळी शिंपी आला. चेहरा पार उतरलेला. माझं ऐकून त्यानं घाई सोडली होती. कोट वेळेवर झाला नाही आणि नवरदेव एका बाहीचा कोट घालून उभा राहिला म्हणे, दुसरी बाही टाचण्यांवर. नवरीचा भाऊ दुकानात येऊन हवं ते बोलून गेला. "तुमच्यासारखं राहायचं आम्हाला परवडत नाही," शिंपी म्हणाला. मी म्हणालो, "तेही बरंच झालं." त्यानं हात जोडले, पण नमस्काराला नव्हे.

दुपारी हिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. थोरलीनं हिला आईच्या मायेनं वाढवलंय. फोन ठेवून ही माझ्याजवळ येऊन बसली. थोरलीच्या छातीत गाठ निघाली आहे, तपासणीला नेणार आहेत. सांगताना हिचा आवाज फुटत होता. मला सगळं कळत होतं. थोरली कोण, गाठ म्हणजे काय, सगळं. पण ते काचेपलीकडे होतं. मी म्हणालो, "बरं." आणि हसलो असेन बहुतेक, कारण हिनं एकदम हात काढून घेतला.

"पूर्वी तुम्ही भांडायचात," ती म्हणाली. "तेव्हा निदान घरी असायचात."

या वाक्याचा अर्थ काय असावा, यावर मी संध्याकाळी शांतपणे चिंतन केलं. चिंतन फार छान झालं. उत्तर काही सापडलं नाही.

२३ मार्च

सिस्टर पट्टी करायला आल्या आणि पट्टीऐवजी माझ्या अंगठ्याकडे पाहू लागल्या. "हे काय हो?"

मी म्हणालो, "काही नाही, दाभण लागलं होतं. लाल नाही, ठणकत नाही. म्हणजे बरंच होतंय."

त्यांनी अंगठा दाबला. भोकातून पू आला. मी शांतपणे पाहत होतो. सिस्टर आधी अंगठ्याकडे पाहत होत्या, मग माझ्याकडे पाहू लागल्या. पायाची पट्टी सोडली तर तिथली ओलही वाढलेली. "बाइंडर, उठा," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

डॉक्टरीणबाई वयानं लहान आहेत, मला काका म्हणतात. त्यांनी अंगठ्याला चीर दिली, साफ केला, पायाच्या जखमेतला नमुना तपासायला पाठवला आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की माणसानं घाबरायचं असतं. मी नाही, ही घाबरली. तिनं माझी बाही धरली.

"काका, इतकं झाल्यावर अंगठा ठणकायला हवा होता, सुजून लाल व्हायला हवा होता. जखमेशी सूज येते ती नुसती कटकट नसते. जंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथे कामाला लागल्याची ती खूण असते. या गोळ्या दुखण्याचा आवाज तर कमी करतातच, पण कधीकधी त्या पेशींनाही सुस्त करतात. मग त्या जखमेकडे उशिरा पोहोचतात, आणि पोहोचल्या तरी जोर कमी पडतो."

"म्हणजे त्याही प्रार्थनेला बसतात," मी म्हणालो.

बाईंना यातलं काही कळलं नाही, पण हसल्या. "तसं समजा. पण सगळ्यांचं असंच होतं असं नाही. गोळीगोळीत फरक असतो, माणसामाणसांत असतो, आणि जाणकारांचंही सगळ्या बाबतीत एकमत नाही. तुमचं हे गोळीमुळेच झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. काळजी एवढीच आहे की जंतू आतल्या सळईपर्यंत गेले, तर सळई काढावी लागेल आणि सगळं पहिल्यापासून. त्यातून पायावरही बेतू शकतं."

मग म्हणाल्या, "गोळी मी कमी करू शकते. पण खरंच दुखत असेल तर करणार नाही. दुखणं अंगावर काढलं तरी जखम भरायला त्रास होतो. म्हणून तुम्हीच सांगा. पुढच्या गोळीची वेळ होते तेव्हा पाय किती दुखतो?"

ही माझ्याकडे पाहत होती, सिस्टर पाहत होत्या.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"दुखतं का, याचा विचार करावा लागतो?" सिस्टर म्हणाल्या.

जंतूंवरचं औषध दिलंय. दोन दिवसांनी परत बोलावलंय. तोवर गोळ्या आहेत तशाच.

२४ मार्च

सकाळी देवालाच विचारलं. नाश्ता झाला, गोळी झाली, मग खुर्चीत बसलो आणि म्हणालो, देवा, तू सांग. ही शांती तुझी की गोळीची?

आतून फार गोड उत्तर आलं. म्हणालं, काळजी करू नकोस, सगळं माझंच आहे.

जीव भांड्यात पडला. पाय गेला तरी चालेल, इथपर्यंत मनाची तयारी झाली, आणि तीसुद्धा हसत हसत. मग जेवणाची वेळ जवळ आली. सकाळच्या गोळीचा अंमल उतरणीला लागला की दुपारची घेण्याआधी थोडा वेळ असतो. एरवी मी त्या वेळात डुलकी काढतो. आज जागा राहिलो, आणि तेव्हा एक शंका आली. हे उत्तर मी कोणत्या वेळी विचारलं? गोळी पोटात असताना. दुकानात मी दोऱ्यालाच विचारत नाही की तू पक्का आहेस का. ओढून पाहतो.

म्हणून त्या वेळात परत बसलो. पाय जड वाटत होता, जरासा चमकतही होता, पण ओरडावं असं काही नव्हतं. प्रार्थना काही जमेना. रस्त्यावर कोणीतरी एकसारखा हॉर्न वाजवत होता, नाक वाहत होतं, भूगोलाच्या पुस्तकांचे पुठ्ठे कापायचे राहिले होते. आणि त्या सगळ्या गोंधळात एकदम हिची थोरली बहीण आठवली. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला राग आला की ही गप्प बसते. तेव्हा घाबरा, ओरडेल तेव्हा नको." आठवलं आणि मला रडू आलं. चांगलं नाक शिंकरण्याइतकं.

मग हिनं गोळी आणून दिली. मी घेतली. थोड्या वेळानं थोरली परत काचेपलीकडे गेली.

तेव्हा कळलं. कळलं आणि तरी बरंच वाटत राहिलं. याहून लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

२५ मार्च

आज सांगायचं ठरवून गेलो होतो. बाईंनी विचारलं, "बोला काका, किती दुखतं?" मी त्यांना त्यांच्या टेबलावरच्या जाड पुस्तकाची पाठ कशी सैल झाली आहे ते सांगितलं. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं आहे, शिवलेलं नाही, चार-सहा महिन्यांत पानं हातात येतील. बाई म्हणाल्या, "बरं, द्या बांधून. आणि पाय?" मी म्हणालो, "पायाचं तसं..." आणि तेवढ्यात दुसरा पेशंट आत आला.

मला तो पेशंट फार आवडला.

अंगठा मात्र आज पहिल्यांदा किंचित लाल दिसतोय. सिस्टर म्हणाल्या, चांगलं आहे. बाहेर बाकावर ही मला म्हणाली, "तुम्हाला सांगायचंय काहीतरी. तिला नाही तर मला सांगा." मी म्हणालो, "उद्या." ती गप्प बसली.

थोरलीनं सांगितलं होतं ते मला पुन्हा आठवलं, आणि या खेपेला गोळी पोटात असूनही थोडी भीती वाटली.

२७ मार्च

सांगितलं.

सकाळी वेळेआधीच जाऊन बसलो. बाई आत आल्या आल्या, त्यांची पिशवी अजून खांद्यावर होती, तेव्हाच सांगून टाकलं, कारण त्यांनी पिशवी ठेवली असती तर मला विचार करायला वेळ मिळाला असता. "बाई, पाय फार दुखत नाही. आधीही दुखत नव्हता. मी खोटं सांगितलं. गोळी घेतली की मला प्रार्थना जमते."

बाई पिशवी खांद्यावर तशीच घेऊन बसल्या. सिस्टरांनी पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी म्हटलं, ते ऐकू आलं नाही. ही माझ्या शेजारी होती. तिच्याकडे पाहायचं धाडस झालं नाही.

बाई रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या. "असं पुष्कळांचं होतं, फक्त कारण प्रार्थनेचं नसतं." एकदम बंद करायच्या नाहीत, अंगाला सवय झालेली असते. हळूहळू उतरवायच्या, कधी कोणती सोडायची ते त्या सांगतील. आजपासून दुपारची बंद. थोडी चिडचिड होईल, झोप मोडेल, घाम येईल, फार झालं तर लगेच कळवायचं. दुखलं तर साधी गोळी. नमुन्याचा निकालही आलाय, जंतू वरवरचेच आहेत, सळईपर्यंत पोहोचलेले नाहीत. औषध नीट घेतलं तर सळई वाचेल असं त्यांना वाटतं.

निघताना मला राहवलं नाही. "मग बाई, दुखणं नुसतं सोसायचंच?"

"अगदी नुसतं नाही," त्या म्हणाल्या. "सूज येते तिथे लढायला धावून येणाऱ्या काही पेशी याच जातीचं औषध आपल्याबरोबर आणतात. शरीरानं स्वतः बनवलेलं. थोडंसंच, आणि लागतं तिथेच."

हे ऐकून मी दारातच उभा राहिलो. म्हणजे व्यवस्था आधीपासून होती. चिमटीएवढी, पण होती. मी वरून घागर ओतत होतो आणि त्याला कृपा म्हणत होतो.

बाहेर आल्यावर ही कुबडी माझ्या काखेत नीट बसवत म्हणाली, "म्हणजे थोरलीचं सांगितलं तेव्हा हसलात, ती गोळी."

"गोळी."

"आणि माझ्या आईचा पाय मुरगळला होता तेव्हा हसलात, ते?"

"तो मीच."

"ते माहीत होतं," ती म्हणाली. आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो. मग म्हणाली, "अहो, मला एकटीला फार जड झालं होतं." मी तिचा हात धरला. एका हातात कुबडी, दुसऱ्याचा अंगठा बांधलेला, त्यामुळे नीट धरता आला नाही. तिनंच धरला.

आता दुपार उलटून गेली आहे. हिनं पाणी आणून ठेवलं आणि गोळीचं पाकीट आपल्या कपाटात ठेवलं. मी मागितलं नाही. मागावंसं दोनदा वाटलं. पाय दुखतोय, अंगठा ठणकतोय, घाम आलाय. शिंप्यानं खाली मशीन चालू केलीय, तिचा आवाज डोक्यात जातोय आणि त्याला वर बोलावून दोन शब्द सुनवावेत असं वाटतंय. पलीकडच्या खोलीत ही थोरलीशी फोनवर बोलते आहे. तपासणी सोमवारी आहे. थोरली घाबरली आहे, ही तिला धीर देते आहे आणि मधेच हिचाच धीर सुटतो आहे.

मला सगळं ऐकू येतंय, आणि वाईट वाटतंय. वही ठेवून तिच्याजवळ जाऊन बसतो.